रोबोटची भाषा कोण ठरवतं?

सप्टेंबर उजाडला की आमच्या गावच्या हायस्कूलच्या रोबोटिक्स टीममध्ये एक वाद हमखास रंगतो. यंदा रोबोटचा प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा? जावाच चालू ठेवायची, सी प्लस प्लसवर जायचं, की सरळ पायथॉन? (मी अमेरिकेत राहतो आणि शनिवारी या पोरांना मदत करायला जातो, एवढी माहिती पुढच्या मजकुरासाठी पुरे.) वादातले मुद्देही ठरलेले. ही वेगवान, ती सोपी, अमक्या कंपनीत हीच चालते, वगैरे वगैरे. गेले काही वीकांत मी या स्पर्धेचा जुना इतिहास धुंडाळत बसलो होतो. जुनी मॅन्युअलं, जुना डीफॉल्ट कोड, असलं सगळं. गंमत अशी की गेल्या पंचवीसेक वर्षांत भाषा चार-पाच वेळा बदलली, पण या मुद्द्यांवरून ती बदलल्याचं फारसं कुठे दिसत नाही! मग कशावरून बदलली? तेच लिहायचं आहे.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. 'फर्स्ट' ही संस्था डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये काढली. (दोन चाकांवर उभं राहून फिरायची ती सेगवे, ती याचीच.) जोडीला एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते. ते आपल्या वर्गातल्या मुलांना सटरफटर सामानाची एक पेटी द्यायचे, त्यातून यंत्र करायला लावायचे आणि मग ती यंत्रं एकमेकांशी झुंजवायचे. तीच कल्पना शाळेत आणली. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये झाली, २८ टीम होत्या. आता तीन हजारांच्या वर आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. पूर्वी तिथून मोजून सहा आठवडे मिळायचे, मग रोबोट सीलबंद करून ठेवायचा. ती सीलबंदी २०२० पासून गेली. रोबोट म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोचं धूड असतं, आणि सामना सव्वादोन-अडीच मिनिटांत संपतो.

यातली एक गोष्ट महत्त्वाची. रोबोटचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, सगळ्यांना एकच आणि तो वरून ठरवून दिलेला. कारण उघड आहे. एवढं धूड बिथरलं तर मैदानावरच्या पंचाला एक बटण दाबून ते बंद करता आलं पाहिजे, आणि त्यासाठी सगळ्यांकडे सारखी यंत्रणा हवी. आता कंट्रोलर एकच म्हटल्यावर भाषा निवडायचं स्वातंत्र्यही त्याच्या मर्यादेतच आलं.

सुरुवातीच्या काळात हा मेंदू होता पॅरॅलॅक्स कंपनीचा 'बेसिक स्टँप'. नावाप्रमाणेच पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी. तिच्यावर पीबेसिक नावाची बेसिकची बोली चालायची. व्हेरिएबलसाठी जागा किती? २६ बाइट. किलोबाइट नाही हो, बाइट! हे वाक्य तुम्ही वाचताय ना, ते त्यात मावणार नाही. जॉयस्टिकचा एक अक्ष म्हणजे एक बाइट, एक बटणांचा संच म्हणजे एक बाइट, असं करत चार जॉयस्टिक वाचेपर्यंत निम्मीअधिक जागा संपलेली. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराचं पहिलं काम असायचं ते डीफॉल्ट कोडमधल्या आपल्याला नको असलेल्या व्हेरिएबलच्या ओळी शोधून बंद करायच्या. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये पाहुणे आले की सामान हलवतात, तसंच.

शिवाय या बेसिकला गणिताचे अग्रक्रम ठाऊक नव्हते. डावीकडून सुरू करायचं आणि दिसेल ते करत उजवीकडे जायचं. २ + ३ × ४ लिहिलं तर उत्तर २०. ऋण संख्यांचाही आनंदच. जॉयस्टिक ० ते २५४ असे आकडे देणार, मधला १२७ म्हणजे 'थांब', त्याखालचे आकडे म्हणजे मागे. आता एकाच जॉयस्टिकने रोबोट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे चालवायचा तर दोन अक्षांची बेरीज-वजाबाकी आली, आणि त्यात मध्येच उत्तर शून्याच्या खाली जाऊ शकतं. खाली गेलं की सोळा बिटांच्या हिशेबात ते पलटी खाऊन पासष्ट हजारांच्या घरात जाणार, आणि रोबोट मागे जायच्या ऐवजी पूर्ण वेगाने पुढे! यावर डीफॉल्ट कोडमध्ये केलेला इलाज मला फार आवडला. आधी सगळ्यात २००० मिळवायचे, मग उत्तर २००० ते २२५४ च्या मध्ये दाबून बसवायचं आणि शेवटी ते २००० परत वजा करायचे. शेजाऱ्याकडून उसने पैसे घेऊन हिशेब जुळवायचा आणि संध्याकाळी परत करायचे, झालं. ज्या कुणी ती ओळ पहिल्यांदा लिहिली त्याला मनापासून दंडवत.

हसायला येतं खरं, पण या भाषेचा एक गुण आपण विसरतो. अख्खा प्रोग्रॅम म्हणजे एक गोल फेरी होती: जॉयस्टिक वाच, हिशेब कर, मोटरांना आकडे पाठव, परत वर जा. वेल्डिंग करणाऱ्या पोरालासुद्धा अर्ध्या तासात तो वाचून समजायचा. 'प्रोग्रॅमर' असा वेगळा प्राणी टीममध्ये असायलाच हवा असं नव्हतं. हा मुद्दा पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

२००३ मध्ये खेळाचे नियम बदलले. सामन्याची पहिली पंधरा सेकंदं रोबोटने माणसाशिवाय, आपल्या बुद्धीने चालायचं असं ठरलं. आता आली का पंचाईत! चाकं किती फिरली हे मोजायला हवं, त्यासाठी चाकाच्या प्रत्येक टिचकीला हातातलं काम बाजूला ठेवून नोंद घेणारी यंत्रणा हवी, म्हणजे ज्याला इंटरप्ट म्हणतात ते. बेसिक स्टँपवर ते होणं अवघडच. बहुतेक टीमनी त्या वर्षी फेऱ्या मोजल्या: इतक्या फेऱ्या सरळ जा, मग इतक्या फेऱ्या वळ. बॅटरी थोडी उतरलेली असली की सरळ जाण्याचं अंतर कमी भरणार आणि रोबोट वळून भलतीकडेच जाणार.

म्हणून २००४ मध्ये नवा कंट्रोलर आला. मायक्रोचिप कंपनीची पीआयसी चिप, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट, व्हेरिएबलसाठी दोन किलोबाइट, इंटरप्ट सकट. आणि भाषा? सी. निवड अशी नव्हतीच, घ्यायची तर सी घ्या. तांत्रिक दृष्टीने निर्णय बिनचूक होता, त्यात शंका नाही. भाषेच्या गुणांवरून झालेला हा कदाचित एकमेव बदल, आणि तोसुद्धा खरं तर चिपच्या गुणांवरून.

पण शाळेतल्या पोरांसाठी ही उडी साधी नव्हती. एक तर पॉइंटर, हेडर फाइल, लिंकर असले शब्द एका जानेवारीत अंगावर आले. त्यात या चिपचा कंपायलर, सी-१८ नावाचा, स्वतःच्या मर्जीचा. सी भाषेचं कुठलंही पुस्तक सांगतं की छोट्या संख्यांची बेरीज करताना त्या आधी इंट आकाराच्या होतात. हा कंपायलर जागा वाचवण्यासाठी तसं आपणहून करत नसे, तो पर्याय मुद्दाम चालू करावा लागे. म्हणजे एक बाइटच्या दोन व्हेरिएबलांत २०० आणि १०० असतील तर बेरीज ४४! पुस्तकात शोधून उत्तर सापडणार नाही, कारण पुस्तक बरोबरच आहे. अशा वेळी पोरगं काय करतं? जो माणूस या खड्ड्यात आधी पडून आलाय त्याला गाठतं. आणि तसा माणूस ज्या टीमकडे होता (बापाची नोकरी एम्बेडेडमध्ये, किंवा जवळच नासाचं केंद्र) त्या टीम पुढे गेल्या. बाकीच्यांचा रोबोट त्या पंधरा सेकंदांत जागच्या जागी उभा. त्या काळात नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतला एक इंजिनिअर एन्कोडर, जायरो, कॅमेरा यांसाठी नीट टिपणं घातलेला सीमधला कोड सगळ्यांना फुकट वाटायचा. भाषेची निवड बाजूला ठेवा, त्या कोडने किती टीम तारल्या असतील त्याला गणती नाही.

लवकरच यावर उतारे निघाले. इंटेलिटेक कंपनीचं 'ईझी-सी' आलं, ठोकळे ओढून रचायचे आणि खाली सीचा कोड आपोआप तयार. वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट, म्हणजे डब्ल्यूपीआय, इथे एक लायब्ररी तयार झाली, तिचं नाव डब्ल्यूपीआयलिब. मोटर म्हणजे मोटर, जायरो म्हणजे जायरो, रजिस्टरची भानगड पोरांना दिसायलाच नको, असा तिचा रोख. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी घटना ही आहे, कुठलीही भाषा नव्हे. कारण पुढे मेंदू बदलले, भाषा बदलल्या, पण लायब्ररी तीच राहिली. आजही तिचाच वंश चालू आहे.

२००९ मध्ये पीआयसी गेली आणि नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा कॉम्पॅक्ट-रिओ आला. कारखान्यात वापरायचा दणकट डबा, ४०० मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी, वर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्याही व्हीएक्सवर्क्सवरच चालायच्या. सव्वीस बाइटवरून सहा वर्षांत पोरं इथे पोचली! आणि आता पहिल्यांदाच खरी निवड आली: लॅबव्ह्यू किंवा सी प्लस प्लस.

लॅबव्ह्यू कुणी पाहिली नसेल तर सांगतो. ही नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचीच, १९८६ ची. यात ओळी लिहायच्या नाहीत, चित्र काढायचं. डबे, आणि डब्यांना जोडणाऱ्या रंगीत तारा. मला स्वतःला ती बघून गणपती मंडळाच्या लायटिंगचा स्विचबोर्ड आठवतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले तिला नाकं मुरडतो, पण तेव्हा अनेक टीमनी ती आनंदाने घेतली आणि त्याला कारण होतं. लेगोचा २००६ चा माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी संच ज्या चित्रभाषेत चालायचा ती लॅबव्ह्यूवरच बेतलेली होती. लहानपणी लेगो रोबोट केलेली पोरं हायस्कूलला आली ती ही चित्रलिपी डोळ्यांत घेऊनच. शिवाय तारा पाहून इलेक्ट्रिकलवाल्या पोरांनाही धीर यायचा.

अडचण वेगळीच निघाली. दोघांनी एकाच चित्रात बदल केले तर ते जुळवायचे कसे? लिखित कोडमध्ये ओळीला ओळ लावून पाहता येते. इथे फाइल मजकुराची नाहीच. मग काय, टीमचा एक लॅपटॉप, त्या लॅपटॉपवर एक पोरगं, आणि त्याच्या मागे उभी राहून बघणारी बाकीची चार. ती चार पोरं दोन शनिवार बघतात आणि तिसऱ्या शनिवारी बंपर शिवायला जातात. (रोबोटला कापडी बंपर लागतात, ते शिवावे लागतात, खोटं सांगत नाही.)

२०१० मध्ये तिसरा पर्याय म्हणून जावा आली. तांत्रिक दृष्टीने ही जावा अगदीच तोकडी होती. सन कंपनीच्या 'स्क्वॉक' या छोट्या यंत्रांसाठीच्या व्हर्च्युअल मशीनवर चालायची. जनरिक्स नाहीत, इनम नाहीत, म्हणजे वर्गात शिकवलेल्या अर्ध्या गोष्टी रोबोटवर चालेनात. सी प्लस प्लसवाले तेव्हा कुत्सित हसायचे. पण काही वर्षांतच जावाने बाकी सगळ्यांना मागे टाकलं आणि आजही बहुसंख्य टीम जावाच वापरतात.

का? माझ्या मते उत्तर रोबोटच्या दुनियेत नाहीच, ते परीक्षेच्या दुनियेत आहे. अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांसाठी एपी कॉम्प्युटर सायन्स नावाची परीक्षा असते, कॉलेजात श्रेय मिळवून देणारी. ती १९८४ मध्ये सुरू झाली ती पास्कलमध्ये. १९९९ मध्ये सी प्लस प्लस आली. २००४ पासून जावा. म्हणजे २०१० उजाडेपर्यंत सहा वर्षांच्या तुकड्या जावा शिकून बाहेर पडल्या होत्या, शिक्षकांचा हात बसला होता, प्रत्येक शाळेत जावाचं पुस्तक होतं. रोबोटवर ती आली मात्र, वर्गातलं पोरगं दुपारी तीनला शिकलेली लूप साडेतीनला रोबोटवर चालवू शकत होतं. वेगाच्या, प्रकाराच्या, मेमरीच्या चर्चेला इथे कोण विचारतो? रोबोटची भाषा ठरली ती पेपर सेट करणाऱ्यांच्या बैठकीत, आणि त्यांच्या डोक्यात रोबोट असण्याचं काही कारणच नव्हतं.

हे अमेरिकेपुरतं आहे असं मात्र समजू नका. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांत रोबोकॉनचं वेड असतं. एबीयू रोबोकॉन २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली, आणि २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. त्या वर्षीचा विषय काय होता माहीत आहे? गोविंदा! चक्क दहीहंडी. जपान, चीन, इजिप्तकडची पोरं रोबोटकडून मटकी फोडून लोणी काढायला शिकत होती. (२०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यातच झाली.) या स्पर्धेत कंट्रोलर ठरवून दिलेला नसतो, वाट्टेल ती चिप आणि वाट्टेल ती भाषा. म्हणजे सर्वात उत्तम काय ते शोधून निवडायला पूर्ण मोकळीक. आणि तरी त्या काळात बहुतेक टीम काय वापरायच्या? ८०५१, नाहीतर एव्हीआर. ८०५१ ही इंटेलची १९८० ची चिप. ती का, तर मायक्रोकंट्रोलरच्या पेपराला तीच होती. प्रॅक्टिकलला तीच, लॅबमध्ये किट तिचेच, लॅमिंग्टन रोडवर किंवा पासोड्या विठोबाजवळ ती सहज मिळायची, आणि मुख्य म्हणजे हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर ती कोळून प्यालेला एक सीनियर राहायचा. एव्हीआरकडे लोक वळले ते फुकटचा जीसीसी कंपायलर मिळाला म्हणून आणि त्याच सीनियरच्या ज्युनियरने मोटर चालवायची फाइल लिहून ठेवली म्हणून. ती फाइल पेन ड्राइव्हवरून पिढ्यानपिढ्या जायची. वर कुणाचं नाव असायचं ते पोरगं एव्हाना नोकरीत लागलेलं असायचं, पण विधीसारखी ती फाइल आधी कॉपी करायची, मगच पुढचं काम.

सिलॅबस इथेही, सिलॅबस तिथेही. फरक एवढाच की तिथे वरून ठरलेली डब्ल्यूपीआयलिब होती, इथे सीनियरचा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह हरवला की टीम परत शून्यावर.

आता 'चांगली भाषा घेतली की चुका होत नाहीत' या मुद्द्याकडे वळतो, कारण पोरांच्या वादात तो दरवर्षी येतो. यासाठी शाळेतून कॉलेजात जावं लागेल. २००५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावी वाळवंटात विनाचालक गाड्यांची १३२ मैलांची शर्यत ठेवली होती. स्टॅनफर्डची 'स्टॅन्ली' सात तासांच्या आत पोचून जिंकली, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाची गाडी कमी लोकांना ठाऊक असते. तिचं नाव प्रॉस्पेक्ट इलेव्हन, बहुतांशी पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी केलेली, कमी खर्चाची, लेझरऐवजी स्टिरिओ कॅमेऱ्यावर भिस्त ठेवणारी. आणि प्रोग्रॅम सी शार्पमध्ये. म्हणजे मेमरी आपण मोकळी करायची कटकट नाही, गार्बेज कलेक्टर बघून घेतो. विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा समंजस निवड कुठली?

गाडी नऊ-साडेनऊ मैल छान गेली आणि बसली. मेमरी भरली होती. कॅमेऱ्याला दिसलेला प्रत्येक अडथळा एका यादीत जायचा आणि गाडी त्याच्या पुढे गेली की यादीतून निघायचा. पण यादीतून नाव काढलं तरी ते ऑब्जेक्ट एका इव्हेंटचे वर्गणीदार म्हणून नोंदलेलेच राहिले. भाडेकरू घर सोडून गेला, पण रेशनकार्डावर नाव तसंच. गार्बेज कलेक्टर बिचारा नियमाने चालणारा, ज्याची नोंद आहे त्याला हात लावत नाही. वाळवंटात झुडपं ढिगाने, प्रत्येक झुडूप मेमरीत कायमचं राहायला आलेलं! नंतर प्रोफायलर लावल्यावर कारण सापडलं, आणि दुरुस्ती होती एका ओळीची.

यावरून 'बघा, सी प्लस प्लसच बरी होती' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यात त्या पोरांची गाडी वाळवंटापर्यंत पोचलीच नसती असं मला वाटतं. गार्बेज कलेक्टरने त्यांच्या पन्नास चुका खाल्ल्या, एक्कावन्नावी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. भाषा फक्त कुठल्या प्रकारच्या चुका तुमच्या वाट्याला येणार तेवढं ठरवते. त्या शोधायला बाजूला कोण बसलंय, हा हिशेब वेगळा.

वेगाच्या मुद्द्याचंही असंच. २००४ च्या कंट्रोलरमध्ये दर २६.२ मिलिसेकंदांनी मुख्य प्रोसेसर ताजे आकडे द्यायचा आणि तुमच्या प्रोग्रॅमने त्याच्या आत उत्तर द्यायचं. २०१५ मध्ये रोबोरिओ आला, दोन कोअरचा एआरएम, ६६७ मेगाहर्ट्झ, लिनक्स, २५६ मेगाबाइट मेमरी, पूर्ण वाढीची जावा ८. आणि नेहमीच्या प्रोग्रॅमची फेरी किती मिलिसेकंदांची? २०! प्रोसेसर कुठल्या कुठे गेला, फेरी आहे तिथेच. कारण उघड आहे, पन्नास किलोचं धूड आणि जॉयस्टिक धरलेला सतरा वर्षांचा हात, दोघांचाही वेग तेवढाच राहिला. वीस मिलिसेकंदांत जावा काय किंवा पायथॉन काय, शाळेच्या रोबोटचं बहुतेक काम आटपून निवांत बसतात.

मग निवडताना बघायचं काय? आमच्या भागातल्या एका टीमचं सांगतो, नाव राहू दे. त्यांच्याकडे बारावीतला एक खरोखर हुशार मुलगा होता. त्याने सगळा कोड जावातून सी प्लस प्लसमध्ये नेला, टेम्प्लेट काय, थ्रेड काय, देखणं काम! त्या वर्षी टीम जोरात खेळली. जूनमध्ये मुलगा कॉलेजला गेला. पुढच्या जानेवारीत खेळ जाहीर झाला तेव्हा तो कोड उघडून वाचू शकणारं टीममध्ये कुणीही नव्हतं. फोनवर विचारून विचारून तीन आठवडे गेले, मग परत जावा, परत पहिल्यापासून. सहातले तीन आठवडे म्हणजे निम्मा हंगाम. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या नववीतल्या मुली प्रोग्रॅमिंग करायचं म्हणून टीममध्ये आल्या होत्या, त्या वर्षभर त्या मुलाच्या मागे उभं राहून कंटाळल्या आणि दुसऱ्या क्लबला गेल्या. त्या काही परत आल्या नाहीत.

मी वर पीबेसिकबद्दल जो मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं तो हा. सव्वीस बाइटच्या त्या दरिद्री भाषेत प्रोग्रॅम सगळ्यांचा होता. प्रत्येक बदलाबरोबर रोबोट हुशार होत गेला आणि कोड वाचू शकणाऱ्यांचं वर्तुळ लहान होत गेलं. डब्ल्यूपीआयलिब, ईझी-सी, जावा हे सगळे ते वर्तुळ परत मोठं करण्याचे प्रयत्न होते असं मी या इतिहासाकडे बघतो. म्हणून पोरांनी मला विचारलंच तर मी वेगाबद्दल बोलत नाही. तीन गोष्टी मोजायला सांगतो: पुढच्या वर्षी टीममध्ये असणार आहेत त्यातल्या किती जणांना ही भाषा येते, शाळेत कुठली शिकवतात, आणि स्पर्धेच्या ठिकाणी शेजारच्या चार टीम कुठली वापरतात. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. या स्पर्धेत प्रतिस्पर्धीसुद्धा एकमेकांना मदत करतात, ती तिची रीतच आहे. सामना वीस मिनिटांवर आलेला असताना शेजारच्या टेबलावरची अनोळखी मुलगी येऊन तुमचा कोड वाचू शकते की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

राहता राहिली पायथॉन. ती कुणी वरून दिली नाही. रोबोटपाय नावाचा एक प्रकल्प हौशी मंडळींनी, बहुतेक माजी विद्यार्थी आणि मेंटर यांनी, वर्षानुवर्षं स्वतःच्या वेळात चालवला. अधिकृत पाठिंबा नाही, स्पर्धेत काही अडलं तर तुमचं तुम्ही बघा, अशा स्थितीत काही टीम ती वापरत राहिल्या. दरम्यान शाळांत हवा बदलली. २०१७ पासून एपीची दुसरी परीक्षा आली, तिच्यात भाषेची सक्ती नाही, आणि बऱ्याच शिक्षकांनी तिथे पायथॉन घेतली. पोरं नववीत येतानाच पायथॉन घेऊन यायला लागली. शेवटी २०२४ च्या हंगामात फर्स्टने पायथॉनला अधिकृत भाषांत जागा दिली. पुन्हा तेच. वर्ग आधी, रोबोट नंतर.

पायथॉनवाल्यांना दरवर्षी एक टोमणा ऐकावा लागतो. टायपिंगची चूक ती ओळ चालेपर्यंत कळतच नाही, आणि ती ओळ नेमकी त्या पंधरा सेकंदांत पहिल्यांदा चालते. टोमणा खरा आहे. जावाचा कंपायलर ती चूक टेबलावरच दाखवतो. रोबोटपायच्या मंडळींनी यावर तोड काढली. प्रोग्रॅम रोबोटवर चढवायची आज्ञा दिली की ती आधी लॅपटॉपवर चाचण्या चालवते आणि त्यात नापास झालात तर चढवायला नकार देते. अर्थात चाचण्या टाळून थेट चढवायचा एक पर्यायही त्यांनी ठेवलाय. तो कसा लिहायचा हे टीममधल्या कुठल्याही पोराला, स्पर्धेच्या आदल्या रात्री अकरा वाजता, झोपेतून उठवून विचारा. तोंडपाठ असतो.